छाती पुन्हा भरायच्या आधी

घरात एक निर्जंतुक डबी असू द्या. बेडका तपासायला देण्यासाठी प्रयोगशाळेतून देतात ती, रुंद तोंडाची, फिरकीच्या झाकणाची. दम्याबरोबर ज्यांना बारमाही कफ आहे आणि दर थोड्या महिन्यांनी छातीत संसर्ग होतो, त्यांच्या तयारीत पंपाच्या खालोखाल मी या डबीला मान देते, कारण तिच्यावाचून माझं एक अख्खं वर्ष गेलं. त्या वर्षी चार वेळा छाती भरली, चारही वेळा अंदाजाने अँटिबायोटिक मिळालं, दर वेळी आठ-दहा दिवस बरं वाटलं आणि पुन्हा तेच. बेडका तपासून घ्यावा हे ना कुणी सांगितलं, ना मला सुचलं. पाचव्या खेपेला दिला तेव्हा त्यात स्यूडोमोनास नावाचा जिवाणू निघाला. अमॉक्सिसिलिनसारख्या नेहमीच्या औषधांना तो मुळात दादच देत नाही.

नमुना द्यायचा तो अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी. सकाळचा सगळ्यात चांगला, कारण रात्रभरात कफ साठलेला असतो. साध्या पाण्याने खळखळून चुळा भरा, दोन-तीन खोल श्वास घ्या आणि पोटातून खोकून जे येईल ते डबीत घ्या. घट्ट, चिकट असायला हवं. पातळ फेसाळ लाळ दिली तर तपासणीतून काहीच हाती लागत नाही. डबीवर नाव, तारीख, वेळ लिहा आणि दोन तासांच्या आत पोचवा, जमणार नसेल तर तोवर फ्रिजमध्ये ठेवा. कल्चरचा, म्हणजे नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीचा, अहवाल यायला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तेवढ्यात डॉक्टरांनी औषध सुरू करायला सांगितलं तर बिनधास्त करा, नमुना आधी गेला म्हणजे झालं. धाप जास्त असेल तर मात्र नमुन्यासाठी उपचार अडवून धरू नका.

दुसरी गोष्ट, एक वही. आपला नेहमीचा कफ कसा असतो हे बरं असतानाच लिहून ठेवायचं: रंग, दाटपणा, दिवसभरात साधारण किती चमचे. हिरवा म्हणजे जंतू, एवढा सोपा हिशेब दम्यात चालत नाही. हिरवा रंग पांढऱ्या पेशींमधल्या एका एन्झाइमचा असतो, आणि दमा भडकला की इओसिनोफिल नावाच्या ॲलर्जीतल्या पांढऱ्या पेशींमुळेही कफ पिवळट होतो, जंतुसंसर्ग नसतानाही. शिवाय दमा एकाएकी बिघडण्यामागे बहुतेकदा विषाणू असतात, त्यांवर अँटिबायोटिकचा उपयोग नाही. म्हणून बघायचं ते आपल्या रोजच्यापेक्षा काय बदललं: प्रमाण वाढलं का, रंग गडद झाला का, ताप आहे का, रात्री कितीदा जाग आली. तपकिरी, रबरासारख्या घट्ट गुठळ्या पडल्या तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ॲस्परजिलस या बुरशीच्या ॲलर्जीत तसा कफ पडतो आणि तिचे उपचार वेगळे असतात. रक्त दिसलं तर त्याच दिवशी कळवा.

वहीच्या पहिल्या पानावर पीक फ्लोचा, म्हणजे छोट्या मीटरमध्ये किती जोरात फुंकता येतं त्याचा, आकडा हवा. छाती मोकळी असताना दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ मोजा, दर वेळी तीनदा फुंकून सर्वांत मोठा आकडा धरा. त्या दोन आठवड्यांतला सर्वोत्तम आकडा तो तुमचा. त्याच्या 80 टक्क्यांच्या खाली गेलं तर डॉक्टरांनी दिलेल्या लेखी योजनेप्रमाणे औषध वाढवायचं, 50 टक्क्यांच्या खाली गेलं तर तातडीची मदत घ्यायची. अशी लेखी योजना तुमच्याकडे नसेल तर पुढच्या भेटीत मागून घ्या. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका. त्याच पानावर कोणती औषधं सोसत नाहीत तेही लिहा. दम्याच्या काही रुग्णांना ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन यांनी दम लागतो, आणि रक्तदाब-हृदयासाठी देतात ती बीटा ब्लॉकर प्रकारची औषधं, अगदी काचबिंदूचे थेंबसुद्धा, श्वासनलिका आवळू शकतात. प्रेडनिसोलोनचा (पोटात घ्यायच्या स्टिरॉइडचा) प्रत्येक कोर्स तारखेसह टिपा. वर्षात दोन किंवा जास्त झाले तर दमा आटोक्यात नाही असं समजून तज्ज्ञांना गाठायचं.

आता पंप. ‘जिना’ या दम्यावरच्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी 2019 पासून नुसत्या साल्ब्युटामोलवर, म्हणजे लगेच आराम देणाऱ्या पंपावर, दमा सांभाळायला नको म्हटलं आहे; श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड बरोबर हवंच. साल्ब्युटामोलचे 200 मात्रांचे तीन किंवा जास्त पंप वर्षभरात संपत असतील तर धोका वाढलेला आहे. पंपात औषध उरलंय की नुसता वायू, हे हलवून कळत नाही, म्हणून मात्रामापक बघा, तो नसेल तर सुरू केल्याची तारीख पंपावरच लिहा. स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची नळी, महिन्यातून एकदा सौम्य साबणाच्या पाण्यातून काढून निथळत ठेवा. कापडाने पुसलात तर आत स्थिर विद्युत तयार होते आणि औषध छातीत जाण्याऐवजी प्लास्टिकलाच चिकटतं. फवाऱ्याच्या पंपाला श्वास सावकाश ओढायचा, पावडरच्या पंपाला जोरात, आणि दोन्हींनंतर दहापर्यंत मोजत रोखायचा. स्टिरॉइडनंतर चूळ भरायची.

सगळ्यात जास्त जीव लावायचा तो रोज कफ काढण्याच्या कामात. श्वासनलिका कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचून राहतो त्या आजाराचं, ब्राँकिएक्टेसिसचं, वर्णन रेने लेनेक यांनी 1819 मध्ये केलं. मला आज तोच आहे, दम्याच्या आड बरीच वर्षं लपून होता. साठलेल्या कफात जंतू वाढतात, जंतूंनी सूज येते, सुजेने आणखी कफ होतो. हे चक्र तोडायचं तर कफ बाहेर पडायलाच हवा. छातीचं काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडून पद्धत एकदा नीट शिकून घ्या, चित्रं बघून नको.

माझी पद्धत सांगते. आधी श्वासनलिका मोकळ्या करणाऱ्या पंपाचे डॉक्टरांनी सांगितलेले फवारे, मग पंधरा मिनिटं थांबणं. खारट पाण्याची नेब्युलायझरची वाफ सांगितली असेल तर ती इथे, पण तिची पहिली मात्रा दवाखान्यातच घ्या, कारण दम्यात तिने छाती आवळू शकते. मग पाठ टेकून बसायचं, खांदे सैल, एक तळवा पोटावर, आणि मिनिटभर नुसता शांत श्वास. त्यानंतर तीन-चार खोल श्वास, प्रत्येक वर तीन सेकंद धरलेला, म्हणजे हवा कफाच्या मागे पोचते. पुन्हा शांत श्वास. मग हफ: मधला श्वास घेऊन, तोंड गोल उघडं ठेवून, आरशावर वाफ धरताना करतो तसा ‘हाऽऽ’ लांबवर सोडायचा. आधी खोल आत काही हलल्यासारखं वाटतं, चौथ्या-पाचव्या फेरीला तळहाताखाली खरखर जाणवते, आणि मग एका साध्या खोकल्यात कफ सुटतो. ढास लागेपर्यंत खोकत बसलं तर श्वासनलिका मिटतात, घरघर सुरू होते आणि कफ आतच राहतो. पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोनदा, जेवणानंतर लगेच नाही. श्वासातून घ्यायचं स्टिरॉइड किंवा अँटिबायोटिक या सगळ्यानंतर, मोकळ्या झालेल्या नळ्यांत. बरं असलेल्या दिवशीही हे चुकवायचं नाही. मी चुकवते तेव्हा तिसऱ्या दिवशी छाती सांगते.

खोकला दाबणारी औषधं ओल्या खोकल्यात घरात नकोत. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोकोकलची डॉक्टर सांगतील तशी. नाक मागे घशात उतरत असेल किंवा पित्त वर येत असेल तर त्यांचेही उपचार सुरू हवेत, नाहीतर छातीला उसंत मिळत नाही. धूर, मग तो कशाचाही असो, घरात नको. नेब्युलायझरचा कप प्रत्येक वापरानंतर धुऊन पूर्ण वाळवा. ओलसर कप म्हणजे जंतूंना आयतं घर.

पुढच्या भेटीसाठी प्रश्न आधी लिहून न्या. वर्षात तीन-चारदा छाती भरते तर छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारकाईचा सीटी स्कॅन, करावा का? ॲलर्जी दाखवणाऱ्या आयजीईचं रक्तातलं प्रमाण आणि प्रतिकारशक्तीची इम्युनोग्लोब्युलिन्स तपासली आहेत का? क्षयाची तपासणी झाली आहे का? दोन आठवड्यांहून जास्त टिकलेल्या खोकल्यात ती टाळू नये. ॲझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, दीर्घकाळ द्यायचा विचार निघाला तर आधी ईसीजी करू का आणि क्षयाच्या जातकुळीतले इतर जंतू नाहीत ना बघू का, हेही विचारा.

आणीबाणीचा कागद दाराजवळ लावा, घरातल्या इतरांना वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत. एक वाक्य पुरं बोलता येत नाही, ओठ निळसर दिसतात, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जाते, पंपाचा गुण चार तासही टिकत नाही, गुंगी येते: यातलं एक जरी दिसलं तरी रुग्णवाहिका बोलवायची. ती येईपर्यंत सरळ बसवायचं, आडवं करायचं नाही, आणि स्पेसरमधून एकेक फवारा योजनेत लिहिल्याप्रमाणे देत राहायचं. पिशवीत पंप, स्पेसर, वही, शेवटचा कल्चर अहवाल आणि फोनचा चार्जर.

दुखणं उतरलं की वहीत टिपायचं: कोणतं औषध, किती दिवस, कफ कोणत्या तारखेला नेहमीसारखा झाला, पीक फ्लो कधी परत आला. आणि वापरलेल्या डबीच्या जागी त्याच आठवड्यात नवी आणून ठेवायची.