निफाडची थंडी आणि आमचा मोत्या

निफाडला कडाक्याच्या थंडीत पारा 5-6 अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. आमचा 11 वर्षांचा कुत्रा मोत्या ओसरीत फरशीवर गोधडी घेऊन झोपायचा, तरी रात्रभर कुडकुडायचा. सकाळी मागचे पाय आखडलेले. मी आणखी एक गोधडी टाकली. उपयोग शून्य! पहाटे हात लावून पाहिला, तर खालची गोधडी ओलसर, गार. गारठा खालून येत होता.

मग दोन विटांवर फळी ठेवली, वर जुनं खोकं आडवं, तोंड वाऱ्याच्या उलट्या बाजूला. आत कापड नाही, भाताचा कोरडा पेंढा. कापड ओल धरून ठेवतं. पेंढ्यात हवा अडकते, ऊब टिकते. खोकं मुद्दाम बेताचंच घेतलं, अंगाच्या उबेने तापेल एवढं. आठवड्याला पेंढा बदलतो. आता मोत्या गोल फिरून खळगा करतो नि घोरतो.

त्याला घातलेला स्वेटर मात्र त्याने दुसऱ्याच दिवशी फाडला.