जुन्या बंदुकीच्या नळीचा काळ ठरवताना या चुका टाळा

ठासणीच्या जुन्या बंदुकीची नळी हाती आली की पहिले काम ती साफ करण्याचे नसून जशी आहे तशी नीट पाहण्याचे असते, हे मी अनेक वर्षे सांगत आलो आहे. तरीही माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक नळ्या आधीच घासून आलेल्या असतात.

सातारा भागातील एका घरातून मला एका नळीचे छायाचित्र आले होते. बुडापासून चार बोटे पुढे, काळपट तपकिरी थराखाली, एक ठसा पुसटसा दिसत होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या शस्त्रांवर 1808 पर्यंत हृदयाच्या आकाराचे, चार भागांत विभागलेले चिन्ह असे आणि त्यानंतर पुढच्या पंजांत मुकुट धरून उभा असलेला सिंह आला, त्यामुळे त्या ठशाच्या वरच्या बाजूच्या दोन कमानी स्पष्ट झाल्या असत्या तर नळी जुन्या चिन्हाच्या काळातील आहे असे ठामपणे म्हणता आले असते. रविवारी येतो, तोवर हात लावू नका, असे मी कळवले होते. पाहुण्यांसमोर वस्तू चांगली दिसावी म्हणून घरातील तरुण मुलाने शनिवारी तिला चिंचेने आणि पॉलिश पेपरने चकचकीत केले होते. मी बोट फिरवले तेव्हा ठशाच्या जागी फक्त एक उथळ खळगा लागला. त्या मुलाचा हेतू चांगला होता, पण दोनशे वर्षे टिकलेला पुरावा एका दुपारच्या उतावळेपणात गेला आणि तो परत आणण्याचा कोणताही उपाय नाही.

माझी स्वतःची पद्धत अशी आहे. मऊ सुती कापडाने हलके तेल लावून नळी रात्रभर ठेवावी, सकाळी कोरड्या कापडाने पुसावी, खोलीत अंधार करून टॉर्च नळीला जवळजवळ टेकवून बाजूने उजेड पाडावा आणि मग भिंग घ्यावे. समोरून न दिसणारी अक्षरे तिरक्या उजेडात सावलीमुळे उठून येतात. जे दिसेल त्यावर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा उतरवून घ्यावा.

हे सगळे करण्यापूर्वी नळी भरलेली नाही ना, हे पाहणे अनिवार्य आहे. तोंडातून बांबूची कामटी शेवटपर्यंत सरकवून तोंडाशी खूण करावी, मग ती बाहेरून नळीला लावून पाहावी. कामटीचे टोक कानाच्या, म्हणजे रंजकीच्या (पेटवणीच्या दारूच्या) छिद्राच्या, दोन-तीन बोटे अलीकडे थांबले तर आत दारू आणि गोळी आहे असेच समजावे आणि नळी जाणकाराच्या स्वाधीन करावी.

दुसरी मोठी चूक आकड्यांची आहे. नळीवर चार आकडे दिसले की नवशिके लोक हिजरी सनाचा तक्ता उघडतात आणि मोकळे होतात. टिपू सुलतानाच्या कारखान्यांतील बंदुकांवरचा सन मौलुदी आहे. तो हिजरतीपासून नव्हे तर पैगंबरांच्या जन्मापासून मोजलेला असून त्याचे आकडे उजवीकडून डावीकडे लिहिलेले असतात. 1222 हा मौलुदी सन म्हणजे इसवी 1793-94. तोच हिजरी मानला तर 1807-08 येते, आणि टिपू तर 1799 च्या मे महिन्यात श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात मारला गेला होता. देवनागरी आकडे असले तरी शक की संवत हे आधी ठरवावे लागते, कारण शकात 78 मिळवायचे असतात आणि विक्रम संवतातून 57 वजा करायचे असतात. एवढ्या एका गफलतीने नळी 135 वर्षांनी पुढे-मागे जाते. मी वहीत आधी आकडे जसेच्या तसे उतरवतो, शेजारी प्रत्येक सनाप्रमाणे येणारे इसवी वर्ष लिहितो आणि नळीच्या घडणीशी न जुळणारी वर्षे एकेक करून खोडतो. याला अर्धा तास लागतो, आणि तो वाचवणाऱ्यांचे निष्कर्ष मी विचारात घेत नाही.

सन बरोबर वाचला तरी तो घडणीचाच असेल असे नाही. बिकानेरच्या शस्त्रागारातील काही हत्यारांवर ठिपक्या-ठिपक्यांनी कोरलेल्या लेखात आदोनी या दक्षिणेतील किल्ल्याचे नाव येते. 1689 मध्ये बिकानेरचा राजा अनुपसिंह याने आदोनी घेतल्यावर मिळालेल्या लुटीची ती नोंद आहे, आणि हत्यार त्याआधी कितीही वर्षांचे असू शकते.

दस्त्यावरून, म्हणजे बंदुकीच्या लाकडी भागावरून, नळीचा काळ ठरवू नये, कारण चांगली नळी पिढ्यान्‌पिढ्या नव्या लाकडात बसवली जात असे. जौहरदार, म्हणजे धातूवर लहरींसारखी नक्षी दिसणारी, नळी प्राचीनच असते, हा समज सोडून द्यावा. तशा नळ्या एकोणिसाव्या शतकात युरोपातही भरपूर तयार होत होत्या. नळ्यांची मजबुती तपासणाऱ्या बर्मिंगहॅमच्या परीक्षणगृहाचा ठसा असेल तर ती परीक्षा 1813 पूर्वीची असू शकत नाही, कारण ते परीक्षणगृहच त्या वर्षी स्थापन झाले. टोपी, म्हणजे घोड्याच्या आघाताने पेटणारी छोटी स्फोटक वाटी, बसवण्याचे बोंडूक दिसले म्हणून नळीही त्याच काळातील मानू नये. आधी त्याच्या बुडाशी बुजवलेल्या जुन्या कानाची खूण शोधावी, कारण गारेच्या ठिणगीने किंवा तोड्याने, म्हणजे जळत्या वातीने, पेटणाऱ्या बंदुकांच्या कितीतरी नळ्या नंतर टोपीसाठी बदलून घेतलेल्या आहेत.