इटलीतल्या पोलिश सैनिकाची कबर कशी शोधावी

आधी मृत्यूची तारीख मिळवा, नाव नंतर. इटलीत पोलंडच्या दुसऱ्या कोअरच्या (दुसऱ्या महायुद्धात इथे लढलेल्या पोलिश सैन्यदलाच्या) चार लष्करी दफनभूमी आहेत आणि तारखेवरून त्यातली कुठली हे बरंचसं कळतं. मे १९४४ मध्ये पडलेला सैनिक बहुधा माँते कासिनोला असतो. त्याच उन्हाळ्यात आंकोनाच्या बाजूला पडलेला लोरेतोला, तर एप्रिल १९४५ चा बोलोन्याजवळच्या सान लाझ्झारोला. तारखेला मोठी लढाईच नसेल, तर बारीजवळचं कासामास्सिमा बघा. तिथे लष्करी इस्पितळ होतं. रणांगणावर घाईत पुरलेले मृतदेह नंतर हलवले गेले, त्यामुळे जुन्या पत्रातल्या गावाचं नाव प्रमाण मानू नका.

पुढची पायरी शिळा वाचण्याची. अक्षरं झिजली असतील तर साधं पाणी शिंपडा आणि टॉर्च एका बाजूने, अगदी तिरपा धरा. खडू किंवा तारेचा ब्रश मुळीच नको, दगड कायमचा खराब होतो. 'यू-आर' म्हणजे जन्म, 'झेड-एम' म्हणजे मृत्यू, 'के-पी-आर' म्हणजे कॉर्पोरल. महिना बऱ्याचदा रोमन आकड्यात असतो. एक काडी पुसली की मार्चचा फेब्रुवारी होतो. क्रूस नाही म्हणून कबर वगळू नका. पोलिश सैन्यात ज्यूही होते, तेव्हा दाऊदचा ताराही दिसेल.

खरी अडचण नावाची. रेघ मारलेल्या पोलिश 'एल'ची रेघ यादीत गळते आणि परदेशी कारकून कानाला लागेल तसं लिहीत, म्हणून तीन-चार स्पेलिंगं करून बघा. त्याहून अवघड म्हणजे खोटी नावं. घरचे लोक जर्मनव्याप्त भागात असल्याने कित्येकजण टोपणनावाने लढले. जर्मनांनी जबरदस्तीने भरती केलेले आणि नंतर पोलिश बाजूला आलेले तर विशेषच. अशा वेळी जन्मतारीख, तुकडी आणि मृत्यूची तारीख अशा तिन्ही गोष्टी जुळवा. एकट्या नावावरून नक्की करू नका.

चौकशी वॉर्साच्या पोलिश रेडक्रॉसच्या शोध विभागात करा. तुकडीचे कागद लंडनच्या सिकोर्स्की संस्थेत, म्हणजे तिथल्या पोलिश संग्रहालय-अभिलेखागारात आहेत. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनची (ब्रिटन आणि राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी सांभाळणाऱ्या संस्थेची) यादीही चाळा, कारण काही पोलिश सैनिक ब्रिटिश दफनभूमींत आहेत. तिथे टोकदार माथ्याच्या शिळा शोधा, मात्र गरुडाचं चिन्ह दिसल्याशिवाय पोलिश ठरवू नका.

कोल्हापुरातल्या पोलिश कबरी यात धरू नका. त्या १९४३ ते १९४८ मध्ये वळिवडे छावणीत राहिलेल्या निर्वासितांच्या आहेत. पण छावणीतल्या कित्येक घरांतले पुरुष पोलिश सैन्यात होते, तेव्हा अशा घरातली पत्रं हाती लागली तर तुकडीचं नाव आणि लष्करी टपाल क्रमांक उतरवून घ्या.