पुरात दुकान भिजलं, तर विम्याचा क्लेम कसा करावा

पाणी ओसरलं की पहिला हात झाडूकडे जातो. तो थोडा वेळ थांबवा. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत जसं पाणी शिरलं, तशा पुरानंतर दुकानातला चिखल रस्त्यावर आला की क्लेमचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

आधी फोटो, मग साफसफाई

भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते. तिच्याशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढा. कोणत्या फळीपर्यंतचा माल भिजला, हे त्या एका फोटोवरून ठरतं. दाराबाहेरून आत येत सलग व्हिडिओ घ्या. फ्रीज, काटा, संगणक यांचे नंबर दिसतील असे जवळून फोटो हवेत. भिजलेला फ्रीज चालू करून बघू नका. ओल्या मोटारीला वीज दिल्याने ती जळली, तर नुकसान पुराचं की विजेचं असा वाद उभा राहतो.

कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि क्लेम नंबर लिहून घ्या. फोन केला असला तरी ईमेलही पाठवा. तलाठ्याचा पंचनामा जरूर करून घ्या, पण तो सरकारी मदतीसाठी असतो. विम्यासाठी सर्व्हेयरची, म्हणजे कंपनीने नुकसान मोजायला नेमलेल्या तज्ज्ञाची, पाहणी वेगळी होते. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवालानंतर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा.

तोवर माल तसाच कुजू द्यायचा नाही. विमा नसता तर जी काळजी घेतली असती, तीच घ्यायची. मालाचे तीन ढीग करा: कोरडा, थोडा भिजलेला पण विकता येईल असा, आणि पूर्ण वाया गेलेला. सडका माल पालिका उचलायला लावत असेल, तर आधी मोजून फोटो काढा आणि सर्व्हेयरला मेसेजवर कळवून परवानगी मागा.

माल किती होता, हे सिद्ध करणं

बहुतेक क्लेम इथेच अडकतात. हिशेब असा मांडतात: वर्षाच्या सुरुवातीचा साठा, अधिक खरेदी, वजा विकलेल्या मालाची खरेदी किंमत. येतो तो पुराच्या दिवशीचा साठा. खरेदीची बिलं भिजली असतील तर घाऊक व्यापाऱ्याकडून पुन्हा प्रती मागा. जीएसटीची विवरणपत्रंही उपयोगी पडतात. कॅश क्रेडिट खातं (साठ्याच्या तारणावर घेतलेलं बँकेचं कर्ज) असेल तर बँकेला दिलेलं स्टॉक स्टेटमेंट आधी काढून बघा. तिथे ८ लाख दाखवले असतील आणि क्लेममध्ये १४ लाख मागितले, तर पुढचं सगळं संशयात सापडतं. भरपाई खरेदी किमतीने मिळते, विक्री किमतीने नाही. विमा नुकसान भरून देतो, नफा देत नाही.

रक्कम कशी ठरते

समजा साठा २० लाखांचा आणि विमा १२ लाखांचाच घेतलेला. नुकसान ६ लाख, भिजलेल्या मालाचे ५० हजार येणार. निव्वळ नुकसान साडेपाच लाख. पण विमा ६० टक्केच असल्याने भरपाईही ६० टक्के, म्हणजे ३ लाख ३० हजार. यातून पॉलिसीत लिहिलेली एक्सेसची, म्हणजे दुकानदाराने स्वतः सोसायची, रक्कम वजा होते. कमी विम्यामुळे लागणाऱ्या या कात्रीला अ‍ॅव्हरेज म्हणतात. दुकानदाराला सर्वांत मोठा धक्का इथेच बसतो, आणि हप्त्यात वाचवलेल्या थोड्या पैशांची ही खरी किंमत आहे. लहान उद्योगांच्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट सोडून देतात. त्याहून जास्त असेल तर ही कात्री लागतेच. पॉलिसीवर बँकेचं नाव असेल तर पैसे आधी बँकेकडे जातात.

सर्व्हेयरच्या अहवालाची प्रत मागा आणि हीच आकडेमोड स्वतः करून पाहा. रक्कम पटत नसेल तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी कोणती वजावट का मान्य नाही, हे लेखी द्या.

मग कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबई आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत. एकट्या मालकीचं दुकान तिथे तक्रार करू शकतं, फी लागत नाही, वकीलही लागत नाही. मुदत मात्र नकार मिळाल्यापासून एक वर्षाची आहे, म्हणून नकाराचं पत्र आल्याची तारीख त्याच दिवशी पाकिटावर लिहून ठेवा.