आपला धोका घरीच कसा मोजावा: टेप, पेन आणि आशाताईंचा फॉर्म

मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार, पक्षाघात यांसारखे असंसर्गजन्य आजार अंगात बरीच वर्षे मुरतात. रक्तदाब १६० झाला तरी अनेकांचे डोकेसुद्धा दुखत नाही. त्यामुळे ‘मला काही त्रास नाही’ यावर विसंबता येत नाही, मोजावेच लागते. आशाताई ३० वर्षांवरील प्रत्येकाचा सीबॅक फॉर्म, म्हणजे या आजारांचा धोका गुणांत मोजणारी प्रश्नावली, भरतात. त्यातले गुण शिवणकामाची टेप आणि पेन घेऊन घरीही काढता येतात.

गुण मांडा

वय ३० ते ३९ असेल तर १, ४० ते ४९ ला २, ५० ते ५९ ला ३, ६० पासून पुढे ४. तंबाखू कधीच नाही तर ०, पूर्वी होती किंवा अधूनमधून असेल तर १, रोज असेल तर २. रोज दारू असेल तर १. आठवड्याला १५० मिनिटांपेक्षा कमी शारीरिक हालचाल असेल तर १. आईवडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह वा हृदयविकार असेल तर २. कंबर: बायकांना ८० सेंटिमीटरपर्यंत ०, ८१ ते ९० ला १, त्यापुढे २, पुरुषांना ९० पर्यंत ०, ९१ ते १०० ला १, त्यापुढे २.

बेरीज ४ च्या वर गेली तर तपासणी पुढे ढकलू नका. मधुमेही आईच्या ५५ वर्षांच्या मुलाचे वय आणि आनुवंशिकतेचेच ५ होतात, मग तो कितीही काटक असो. हे ५ कमी होणार नाहीत. हातात उरतात ते तंबाखू, दारू, कंबर आणि हालचालीचे मिळून ६. सगळी मेहनत तिथेच लावायची. आणि बेरीज कमी आली तरी तिशीनंतर तपासणी करायचीच.

तंबाखूच्या रकान्यात चूक होते

‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला अनेक घरांत आजी-काकू मनापासून ‘नाही’ म्हणतात, आणि सकाळी उठल्यावर मशेरी लावतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. म्हणून विचारताना नावे घेऊन विचारा: मशेरी, गुटखा, मावा, तंबाखूचे पान, विडी. रोज एकदा असले तरी २ गुण.

याच वेळी आरशासमोर तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटे उभी आत जातात का पाहा. जात नसतील, तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा दोन आठवड्यांत न भरलेली जखम असेल तर दंतवैद्याकडे जा. नुसत्या सुपारीनेही तोंड उघडणे कमी होते.

कंबर पँटच्या पट्ट्यावर मोजू नका

पोट सुटलेल्यांचा पट्टा पोटाखाली उतरलेला असतो, आणि परकराची नाडीही खरी कंबर सांगत नाही. बरगडीचे शेवटचे हाड आणि कुशीजवळ लागणारे कमरेचे हाड बोटाने चाचपा. दोन्हींच्या मधोमध टेप धरा, मागून-पुढून जमिनीला समांतर आहे का ते दुसऱ्याला पाहायला सांगा. पाय जुळवा, नेहमीसारखा श्वास सोडा आणि आकडा वाचा. पोट आत ओढलेत तर स्वतःलाच फसवाल.

किरकोळ दिसणाऱ्यांनीही मोजावे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आपले दोघांचे आकडे मांडले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा आपल्याकडे पुरेसा का नाही, हे यावरून कळते. यकृतात आणि आतड्यांभोवती साठलेली चरबी इन्सुलिनच्या कामात अडथळा आणते आणि साखर वाढू लागते.

हालचाल मोजताना भाजीला जाऊन येण्याचा वेळ धरू नका. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, इतका दम लागला तरच ती मिनिटे धरा. रोज ३० मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस. शेतात खुरपणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या माणसाचा हा हिशेब कामातच पुरा होतो.

मीठ फॉर्मवर नाही, म्हणून वेगळे मोजा

मिठातला सोडियम अंगात पाणी धरून ठेवतो, रक्ताचे आकारमान वाढते आणि दाब चढतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा एक सपाट चमचाभर. चिमूट मोजत बसू नका. मिठाची एक किलोची पुडी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख लिहा. चार मोठ्या माणसांच्या घरात ती ५० दिवस पुरली तर बरोबर मर्यादेवर आहात, पण लोणचे, पापड, फरसाण, वडापाव यांतले मीठ त्यावर आणखी. म्हणून ६५-७० दिवसांचे लक्ष्य ठेवा. पुडी महिन्यात संपत असेल तर आधी भाताच्या आणि कणकेच्या पाण्यातले मीठ बंद करा, कारण ते चवीला फारसे जाणवतही नाही. ताटात वाढायचे मीठही काढा. सैंधव वापरले म्हणून सुटका नाही, तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

तेलाच्या पिशवीवरही तशीच तारीख लिहा. माणशी महिन्याला अर्धा लिटर.

रक्तदाब

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नको. लघवी करून या. पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून ५ मिनिटे गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर बांधा आणि हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवा. दंड जाड असेल आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटाच वर दिसतो. मनगटाचे यंत्र टाळा. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर मोजा आणि पहिला दिवस सोडून सरासरी काढा. ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. यंत्र नसेल तर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि साखर मोफत तपासतात. उपाशीपोटी साखर तपासून घ्यायची असेल तर त्याआधी किमान ८ तास फक्त पाणी, सकाळचा चहासुद्धा नाही. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती तपासणीसाठी स्वतःहून बंद करू नका.