फोटो कोणत्या फॉरमॅटमध्ये ठेवावा आणि कोणत्या फॉरमॅटमध्ये पाठवावा

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी नागपूरच्या इतवारीत मी पिवळ्या मारबतीचा, म्हणजे मिरवणुकीतल्या मोठ्या पुतळ्याचा, एक फोटो काढला होता. मागे ढगाळ आकाश होते आणि मधून विजेच्या तारा गेल्या होत्या. एका मित्राने तो व्हॉट्सअ‍ॅपवर घेऊन त्यावर तारीख टाकली, पुढे कोणीतरी कडा कापल्या आणि दोन-तीन ग्रुप फिरून तो फोटो माझ्याकडेच परत आला. मोठा करून पाहिला, तर तारांभोवती आकाशात बारीक चौकोनांची खरूज उठली होती आणि मारबतीचा पिवळा रंग कडेने बाहेर सांडला होता.

हे चौकोन जेपेगचे (JPEG), म्हणजे फोटो दाबून लहान करणाऱ्या फॉरमॅटचे आहेत. 1992 सालच्या या पद्धतीत चित्राचे 8 × 8 पिक्सेलचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातला बारीक तपशील, म्हणजे डोळ्याला सहसा न जाणवणारा भाग, टाकून दिला जातो. उजेडातला फरक डोळ्याला जितका कळतो तितका रंगातला कळत नाही, म्हणून रंगाची माहिती बहुधा आणखी कमी ठेवली जाते. 24 मेगापिक्सेलचा फोटो न दाबता ठेवायचा तर प्रत्येक पिक्सेलला 3 बाइट, म्हणजे 72 एमबी लागतात. जेपेगमध्ये तोच फोटो साधारणपणे 10 एमबीच्या आसपास बसतो, आणि पहिल्या वेळी नुकसान दिसतही नाही. मात्र फोटोत बदल करून तो पुन्हा सेव्ह केला की ही काटछाट नव्याने होते. नुसता उघडून पाहिल्याने किंवा पेनड्राइव्हवर कॉपी केल्याने जेपेग बिघडत नाही. हा गैरसमज बराच पसरलेला आहे. म्हणून कॅमेऱ्यातून आलेली फाइल जशीच्या तशी एका फोल्डरमध्ये ठेवावी आणि कापाकापी, रंगदुरुस्ती, तारीख टाकणे हे सगळे तिच्या प्रतीवर करावे.

कॅमेऱ्यात रॉची (RAW), म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती जवळजवळ कच्चीच ठेवण्याची सोय असेल, तर ती कुठे वापरावी हे प्रकाशावरून ठरवावे. भर दुपारी दीक्षाभूमीच्या पांढऱ्या स्तूपाचा फोटो काढून पाहावा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या असतात आणि एकदा घुमट पांढराफटक झाला की त्यावरच्या रेषा परत आणता येत नाहीत. 14 बिटच्या रॉमध्ये 16,384 पायऱ्या असल्यामुळे उजेड कमी करून त्यातल्या बऱ्याच रेषा सोडवता येतात. मात्र रॉ म्हणजे तयार फोटो नव्हे. प्रत्येक कंपनीची रॉ वेगळी असते आणि फाइल जेपेगच्या कितीतरी पट मोठी होते, त्यामुळे वाढदिवसाच्या केकसाठी रॉ वापरण्याचा अट्टाहास मला तरी पटत नाही.

आजी-आजोबांच्या लग्नाचा फोटो स्कॅन करायचा असेल, तर टिफ (TIFF) हा तपशील न टाकणारा फॉरमॅट निवडावा. 4 × 6 इंचाचा फोटो 600 डीपीआयने, म्हणजे इंचाला 600 ठिपके या हिशेबाने, स्कॅन केल्यास 2,400 × 3,600 पिक्सेलचे चित्र मिळते आणि रंगीत टिफ सुमारे 26 एमबीचे होते. ते जड वाटेल, पण पिवळे पडलेले डाग काढताना फाइल दहा वेळा सेव्ह करावी लागते आणि त्यात काहीही गळत नाही. पीएनजीतही काही गळत नाही. मात्र ते स्क्रीनशॉट, लग्नपत्रिका, लोगो अशा सपाट रंगांच्या आणि अक्षरांच्या चित्रांसाठी ठेवावे, कारण फोटोसाठी ते विनाकारण मोठे होते. बिघडलेला जेपेग पीएनजीत बदलला तरी गेलेला तपशील परत येत नाही. वेबपी हे वेबसाइटसाठी आहे. घरच्या संग्रहाला त्याची गरज नाही.

आयफोन 2017 पासून फोटो हाइक (HEIC) या फॉरमॅटमध्ये ठेवू लागला. तेवढ्याच दर्जाच्या जेपेगपेक्षा त्याला बरीच कमी जागा लागते. अडचण येते ती फोटो लॅबमधल्या जुन्या संगणकावर, जिथे ही फाइल उघडतच नाही. फाइलच्या नावाच्या शेवटची अक्षरे बदलून जेपीजी केल्याने आतली फाइल बदलत नाही, ती रीतसर जेपेगमध्ये एक्स्पोर्ट करावी लागते. नेहमीच अडचण येत असेल, तर सेटिंग्जमधील कॅमेरा, त्यातील फॉरमॅट्स येथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावे, म्हणजे पुढचे फोटो जेपेगमध्ये निघतील.

आता पाठवण्याचे. गप्पांपुरता फोटो असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवावा. अल्बम छापायला द्यायचा असेल, तर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडावा किंवा सरळ पेनड्राइव्ह न्यावा. मी एकदा घाईत नेहमीच्या पद्धतीने पाठवलेल्या फोटोंवरून 12 × 18 इंचांची प्रिंट मागवली आणि सगळ्या चेहऱ्यांवर मेण फासल्यासारखे दिसले. चूक माझीच होती, लॅबने आलेलेच छापले होते. डॉक्युमेंट म्हणून गेलेल्या फाइलमध्ये फोटो काढल्याची वेळ आणि लोकेशन चालू असल्यास जागाही तशीच जाते, म्हणून घराच्या अंगणातला फोटो अनोळखी माणसाला असा पाठवण्याआधी लोकेशन काढून टाकावे.