लेझर कटिंग मशीनचा बेल्ट आवळायच्या आधी या चुका टाळा

वर्तुळ कापलं आणि सुरुवात-शेवट जुळलाच नाही, मधे अर्धा मिलीमीटरचा फरक, की बहुतेक जण लगेच ॲलन की घेऊन बेल्ट आवळायला बसतात. मीपण दोन दिवस तेच केलं, बेल्ट इतका ताणला की मोटर तापायला लागली पण वर्तुळ काही जुळेना. शेवटी मोटरची पुली आणि शाफ्ट यांच्यावरून मार्करने एकच सरळ रेघ ओढली, एक जॉब चालवला आणि बघितलं तर रेघेचे दोन तुकडे, शाफ्टवरचा एकीकडे आणि पुलीवरचा दुसरीकडे. म्हणजे पुलीचा ग्रब स्क्रू (पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू) ढिला होता, बेल्टचा काही संबंधच नव्हता. तेव्हा प्लग काढून आधी सगळ्या पुलींचे ग्रब स्क्रू बघा, शाफ्टला सपाट बाजू असेल तर एक स्क्रू तिच्यावरच बसायला हवा.

दुसरी चूक म्हणजे जितका टाईट तितका चांगला असं समजणं. बेल्ट ढिला असला की कोपऱ्यानंतर रेघ लाटेसारखी येते किंवा दाते उडी मारतात, पण अती ताणला तर मोटरच्या बेअरिंगवर लोड येतो, घर्षण वाढतं, स्टेप्स (मोटर ज्या छोट्या टप्प्यांनी फिरते ते) चुकतात आणि माप परत बिघडतंच, म्हणून माणूस आणखी आवळतो. बोटाने मधोमध दाबला की थोडा दबून लगेच परत यावा, लोंबू नये, एवढंच पुरे. मग मशीन बंद ठेवून हेड (बीम सोडणारा भाग) हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू सरकवा. एका टोकाला जड लागलं तर बेल्ट रेलला समांतर नाहीये, तिकडची पुली किंवा आयडलर (मोटर नसलेली, नुसती फिरणारी पुली) वरखाली झालाय, तिथे कितीही टेन्शन सेट करा उपयोग नाही. पुलीखाली काळी भुकटी दिसली तर बहुतेक बेल्ट कडेला घासतोय.

आता गुण्या, म्हणजे काटकोन. Y ला, म्हणजे पुढे-मागे जाणाऱ्या अक्षाला, बहुतेक मशीनमध्ये दोन्ही बाजूंना बेल्ट असतो आणि एक बाजू एखाद्या दात्याने पुढे गेली की गॅन्ट्री (हेड ज्याच्यावर सरकतं तो आडवा दांडा) तिरकी होते, मग चौकोन कापला की तो गुण्यात येत नाही. 300 बाय 400 मिमीचा आयत मार्क करा आणि दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही 500 आले पाहिजेत, एक 501 आणि एक 499 असेल तर गॅन्ट्री वाकडी आहे. एका बाजूचं कपलिंग (शाफ्ट जोडणारा भाग) सैल करा, दोन्हीकडे सारख्या मापाचे ठोकळे ठेवून गॅन्ट्री त्यांना टेकवा, मग कपलिंग आवळा. बीम वळवणारे आरसे त्यानंतरच सेट करा, आधी केले असतील तर चारही कोपऱ्यांत पुन्हा चेक करा कारण गॅन्ट्री हलली की बीमचा ठिपकाही सरकतो.

आणि प्लीज, माप चुकलं म्हणून सॉफ्टवेअरमध्ये स्टेप्स बदलत बसू नका!! 20 दात्यांची जीटी2 पुली (दर 2 मिमीला एक दाता) एका फेऱ्यात बेल्ट 40 मिमी सरकवते, एका फेऱ्याला 200 स्टेप्सची मोटर आणि 16 मायक्रोस्टेप (एका स्टेपचे 16 भाग) असेल तर 80 स्टेप्स प्रति मिमी, हा हिशोब बेल्ट ढिला झाला म्हणून बदलत नाही. 100 चे 99 आणि 200 चे 198 येत असतील तरच स्टेप्स तपासा. 20 ला पण 0.3 कमी आणि 200 ला पण 0.3 कमी असेल तर ते बीमने खाल्लेलं मटेरियल आहे नाहीतर बेल्टचा खेळ, म्हणजे ढिलेपणा.